गुलाबी गच्ची

कमलम्माने हौदातलं पाणी तोंडात घेतलं अन् तसंच थुंकलं. रॉकेलचा वास, वर तेलाची साय, सायीवर गुलाबी पापुद्रे.

"शी! म्हशीनं सुदिक तोंड लावू न्हाई."

उदगीरकडच्या त्या खोलगट गावात देऊळ म्हणजे चर्च. तिच्या आज्यांनी ते दुष्काळात बांधलं, ज्वारीच्या मजुरीवर. काळा दगड, गूळ अन् बेलफळ घालून मळलेला चुना. कमानी पाद्रीसाहेबाच्या देशाच्या, टोकदार. पण पाथरवट इथले, त्यांनी पन्हाळीला मगरीचं तोंड कोरलं. साहेब हसला म्हणे, राहू द्या म्हणाला. गच्चीचं पाणी त्या तोंडातून ओसरीखालच्या हौदात पडायचं. पावसाआधी बायांनी गच्ची झाडायची, पहिल्या सरीला हौदाच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावून पाणी बाहेर काढायचं, मगच बोळा काढून पाणी हौदात सोडायचं. बहात्तरला गावच्या विहिरी आटल्या तेव्हा वाण्याच्या रत्नम्मासुद्धा इथनंच घागर नेत होत्या. पाहुण्यालाही आधी हौदाचाच गिलास.

यंदा पुन्हा विहिरी आटल्या. त्यात लातूर जिल्हा झाला, अन् नवे कलेक्टरसाहेब देऊळ बघायला येणार म्हणून पंचमंडळीचे शमुवेल मास्तर हुरळले. गावात येणारी सडक टेकडीवरून उतरते, आधी गच्चीच दिसते. मग मास्तरांनी गच्चीलाच गुलाबी ऑइलपेंट मारला, रॉकेलनं पातळ करून. चुन्यावर तो काय धरतोय! बुधवारी अवकाळी सर आली, अन् सगळा रंग मगरीनं हौदात ओकला.

"गच्ची खरडून काढा, मास्तर. हौद उपसा. पुढच्या पावसाचं तरी पाणी पिता येईल."

"साहेब जाऊ द्या, अक्का. कसं चकाकून राहिलंय बघा!"

"चकाकतंय हाव. गळवावानी."

रविवारी साहेब आले. मास्तर हार घालून कमानींचा इतिहास सांगू लागले. इंग्लंडहून दगड आणला, असंही ठोकून दिलं. ज्या खाणीतून तो दगड निघाला, तिथं समोरच शेळ्या चरत होत्या.  कमलम्मा उठली, हौदात गिलास बुडवला अन् पदरानं पुसून साहेबांपुढं धरला.

"आमची रीत हाय, साहेब. पाहुण्याला आधी देवळाचं पाणी."

उन्हानं तापलेल्या साहेबांनी न बघताच गिलास ओठाला नेला.

"नका पिऊ!" मास्तर ओरडले अन् गिलास हिसकावला. गुलाबी पाणी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं.

 साहेबांनी शर्टाचा वास घेतला, नाक मुरडलं. "हे पाणी गाव पितं?"

 मास्तर तेलकट हात धोतराला पुसत राहिले.

"पीत होतं," कमलम्मा म्हणाली. तिनं ओसरीच्या कोपऱ्यातलं खुरपं उचलून मास्तरांच्या हातात दिलं. "चला वर. हार काढून ठेवा, त्याला रंग लागंल."

मास्तर शिडी चढले. कमलम्मा खाली शिडी धरून उभी राहिली. वरून गुलाबी खपल्या तिच्या केसांत पडत होत्या, अन् तोंडातला त्या दिवशीचा रॉकेलचा वास अजून जात नव्हता.