शिवलीलाला विचारलंच नव्हतं

नळदुर्गच्या बसस्टँडमागं बायकांच्या सहकारी संस्थेचं शिलाई केंद्र आहे. तिथं शाळेचे गणवेश शिवतात. एकोणीस बायका, आणि कापड कापायला सहा वर्षं एकच पुरुष होता, महांतेश. मग एक दिवस तो काम सोडून सोलापूरला गेला. दीड वर्षानं परत आली ती शिवलीला होऊन.

साडी नेसून, वेणी घालून ती दारात उभी राहिली, तशा मशिनी एकेक करून थांबल्या.

"मावशी, काम मिळंल का? कापायचंच."

संस्थेच्या अध्यक्ष लक्ष्मीबाई चष्म्यावरनं बराच वेळ बघत राहिल्या. "सोमवारपास्नं ये," म्हणाल्या.

पोरीला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून लक्ष्मीबाईंनी मागचं गोदाम झाडून घेतलं. कापायचं टेबल तिकडं हलवलं, वेगळा माठ ठेवला, नवा पंखा लावला. शिवलीला आली, गोदामात बसली. दिवसभर कापड कापायची, दुपारी कापडाच्या ताग्यांच्या ढिगाआड एकटीच डबा खायची. बाहेरच्या बायकांचं हसणं तिला भिंतीतून ऐकू यायचं.

नवव्या दिवशी ती लक्ष्मीबाईंपुढं येऊन उभी राहिली. "मावशी, उद्यापास्नं म्या येत न्हाय."

"का गं? काय कमी पडलं? पंखा बी नवा लावला की."

"पंखा चांगलाय. पर खोलीत एकटीनं बसायला सोलापूर काय वाईट होतं? हितं माणसांत बसावं म्हणून आले."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं म्या."

"ठावं हाय मावशी. पर मला इचारलं न्हाय कुणी."

लक्ष्मीबाई उठल्या. मग तिचा हात धरून तिला सगळ्यांमध्ये घेऊन आल्या आणि मशिनी बंद करायला लावल्या. "चुकलं माझं. आता सगळ्यांसमोर इचारते. तुला कुठं बसायचं, कुठं जेवायचं, तुला काय म्हणायचं?"

"तुमच्यातच बसायचं, तुमच्यातच जेवायचं. शिवलीला म्हणा. धाकट्यांनी अक्का म्हणावं."

"आन् बाथरूम?" मशिनीवर बसलेल्या शिवकन्यानं विचारलं. ती तोंडाची फटकळ. बाकीच्यांच्या मनातलं तिनंच बोलून टाकलं.

शिवलीलानं मान खाली घातली. "स्टँडवर पुरुषांकडं जावं तर पोरं शिट्ट्या मारतेत. म्हणून आठ दिवस म्या सकाळपास्नं पाणीच पीत न्हाय."

केंद्रातल्या बाथरूमच्या दाराची कडी कधीचीच मोडली होती. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरायचं, अशी तिथली रीत. शिवकन्यानं मांडीवरचा अर्धा शर्ट बाजूला ठेवला. ती उठली.

"चल, अक्का. म्या दार धरते."

त्या दुपारी सगळ्या एकत्रच जेवल्या. शिवकन्यानं न विचारता शेंगाची चटणी शिवलीलाच्या भाकरीवर वाढली. लक्ष्मीबाईंच्या तोंडून एकदा "महां..." निघालं, त्यांनी जीभ चावली आणि आधी शिवलीलाच हसली.

जेवणं झाल्यावर सहा जणींनी कापायचं टेबल बाहेर काढायला घेतलं. ते नेमकं दारात अडकलं. "उजवीकडं!" "अगं, तुझी उजवी!" असा एकच गोंधळ. शिवलीलानं गळ्यातली टेप काढून दार मोजलं.

"उभं करा गं बायांनो, आडवं न्हाय जायाचं," ती म्हणाली आणि पदर खोचून तिनं टेबलाचा एक पाय उचलला.