धोंडूने आणलेली कवटी

कानशिलाच्या हाडात दोन मिलिमीटरचं एक भोक होतं, अगदी गोल. शर्मिलाने कवटी उजेडाकडे फिरवली. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शर्मिलाला शेजारच्या सत्यवतीने मुद्दाम बोलावलं होतं. सत्यवतीचा नवरा तुकाराम सात वर्षांपूर्वी समुद्रात हरवला होता, आणि आज तिचा दीर धोंडू ही कवटी घेऊन आला होता.

"माझ्या जाळ्यात गावली. दादाचीच ही. वयनी, आता तरी त्याचो बारावो कर, आणि दादाची होडी माझ्या नावार करूच्या कागदार सही कर."

"खालचो जबडो खंय आसा?" शर्मिलाने विचारलं.

"माशांनी खाल्ल्यानी. बाई, तुम्ही काय पोलीस आसात?"

जबडा सुटा होतो, त्यात नवल नव्हतं. पण तो स्प्रिंगने अडकवायला अशी भोकं प्रयोगशाळेतल्या कवटीला पाडतात. शिवाय हिला वॉर्निशचा वास येत होता. शर्मिलाने तसं स्पष्ट सांगितलं. धोंडू दाराकडे बघू लागला.

सत्यवतीने कवटी शर्मिलाच्या हातातून घेऊन धोंडूपुढे ठेवली.

"हे ते न्हय," ती म्हणाली. "पण ते आता येवचे नाय, ता माका कळता. बारावो मी करतंय. आणि होडी माझ्या नावार करतंय."