धुरपदा वारल्याची तार

कावळा धुरपदाच्या डोक्यावर बसला तो नेमका पेन्शनच्या मनीऑर्डरीच्या आदल्या दिवशी. ती अंगणात मिरच्या पसरत होती. त्यानं एकदा टोचलं आणि उडाला. त्याचं काम संपलं, धुरपदाचं सुरू झालं.

सासू झुंबरबाईनं कपाळ बडवलं. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण सांगून गेला. उतारा एकच: माहेरी मेल्याची खोटी बातमी धाडायची. माहेरचं माणूस येऊन खरंखुरं रडलं, की इथलं काम झालं असं समजून यम परत फिरतो. यम इतका भोळा कसा, हे विचारायची सोय नव्हती.

"आन् भाऊ येऊन रडंस्तवर 'मी जिती हाय' असं तोंडातनं काढायचं न्हाई," झुंबरबाईनं बजावलं. "काढलंस की खेळ खलास. पोरीला कोन बघंल?"

पोरगी म्हणजे नकुशी. बाप काश्मिरात लढाईत पडला तेव्हा ती पोटात होती. त्याच्या माघारी सरकार धुरपदाला पेन्शन देई, आणि धुरपदा त्या पैशाचं मीठसुद्धा आणत नसे. पोट वरवंडच्या मळ्यात वांगी तोडून भरायचं. केडगावच्या पोस्टात पेन्शन हातात पडली की त्याच खिडकीतून नकुशीच्या मॅट्रिकसाठी तिच्या खात्यात टाकायची. धुरपदाला मरणाचं भय होतं ते एवढ्यासाठीच. आपण गेलो तर पोरगी वांग्यात जाणार.

तार करायला झुंबरबाई स्वतः केडगावला गेली, डोळ्याला पदर लावून. सगळं बेस झालं. फक्त तार घेणारी खिडकी आणि पेन्शन देणारी खिडकी एकच होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपदा खिडकीशी उभी राहिली. पोस्टमास्तर फिलिप यांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

"बाई, तुम्ही काल वारलात."

धुरपदानं तोंडावर पदर दाबला.

"तार मीच केली. मनीऑर्डर परत चाललीय, पेन्शन बंद करायचा कागदही लिहून झालाय. दुपारच्या गाडीनं थैली पुण्याला जाईल. तुम्ही जिवंत असाल तर आत्ता बोला. कागद गेला की मग अवघड. शिरूरकडचे एक आप्पा दोन वर्षांपासून कागदावर मेलेत. स्वतःच्या वर्षश्राद्धाला जेवून आले, तरी अजून मेलेलेच आहेत."

बोलावं तर जीव जातो, न बोलावं तर पेन्शन जाते. आणि जीव गेला तरी पेन्शन जातेच. बबन, रड रे बाबा लौकर येऊन, असं ती मनात भावाला म्हणत राहिली. दौंडहून येणाऱ्या गाडीची शिट्टी लांब ऐकू आली. हमालानं थैली खांद्यावर घेतली आणि दाराकडं वळला.

"थांब!" धुरपदा ओरडली. "जिती हाय मी! जिती हाय!"

ओरडली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. मरण आता कुठून येतंय ते बघत. छातीत येतंय की पोटात.

काही आलं नाही. फिलिपमास्तरांचा आवाज आला.

"तसं आमच्या धर्मात मेलेलं माणूस उठल्याचा दाखला आहे, बाई. पोस्टाच्या नियमात नाही. ओळख पटवणारं कुणी आणा."

तेवढ्यात गाडीतून उतरलेला बबनराव हंबरडा फोडत पोस्टावरून चालला होता. दारात बहीण दिसली आणि हंबरडा अर्ध्यातच थांबला.

"या बाईंना ओळखता?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय. बहीण हाय माझी." बबनराव दोन पावलं मागं सरला. "पन ती मेलीया."

मास्तरांनी हमालाला थैली न्यायची खूण केली.

आता धुरपदाचं भय जळून गेलं. "मुडद्या! तीन वर्सं भाऊबिजेला यायला तुला सवड न्हाई, आन् मेले म्हनल्यावर बरा पयल्या गाडीनं आलास! जेवून आलायस का मयताच्या घरी जेवनार?"

बबनरावाचा चेहरा उजळला. "जिती हाय, मास्तर! भूत एवढं घालूनपाडून बोलत न्हाई!" आणि बहिणीच्या गळ्यात पडून तो ढसाढसा रडला.

थैली परत आली, कागद फाटला, पैसे नकुशीच्या नावावर पडले.

घरी झुंबरबाईनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"रडला खरा. पन तू आधी बोललीस."

धुरपदानं कोपऱ्यातली वांग्याची रिकामी पाटी घेतली, डोक्यावर पालथी घातली आणि मिरच्या गोळा करायला अंगणात गेली.

ती पाटी उघड्यावर परत उतरली नाही. मळ्यात, बाजारात, शाळेच्या बक्षीस समारंभातसुद्धा, वर्षानुवर्षं. पोरं हसत, कावळे बघत. नकुशी मॅट्रिक पास झाल्याचं कळलं, त्या दिवशी धुरपदानं अंगणात येऊन पाटी जरा उचलली आणि एका डोळ्यानं आभाळ न्याहाळलं. लिंबावर एक कावळा बसला होता.

तिनं पाटी परत घट्ट बसवली. नकुशीची पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं अजून जायची होती.