सुंठीची बिस्किटं

लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी शेषेरावांना तिथल्या नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. देवणीजवळचं गाव सोडून ते आणि केवळाबाई लातुरात एका खोलीत राहायला आले. पहिल्याच रविवारी शेषेराव गंजगोलाईत जाऊन एक जुनी बेकरी शोधत फिरले. तिच्या जागी कापडाचं दुकान झालं होतं.

"मालक हैदराबादला गेला. लई वर्सं झाली," दुकानदार म्हणाला.

त्या बेकरीत सुंठ घातलेली तांबूस, गोल बिस्किटं मिळत. शेषेराव लातूरला आले की मुलीसाठी, गुणासाठी, पुडा नेत. गुणा एक बिस्किट खाई आणि दुसरं फ्रॉकच्या खिशात ठेवून दिवसभर हुंगत फिरे.

बहात्तरच्या दुष्काळात नवरा-बायको खडी फोडायच्या कामावर होते. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी सगळेच पीत. गुणाला हगवण लागली. शेषेराव औषधाला लातूरला धावले. बरी झाली की खाईल म्हणून बिस्किटंही घेतली. ते परत पोचले तेव्हा माणसं पोरीला पुरून माघारी येत होती. सहा वर्षांची होती. केवळाबाईंनी त्यांच्या हातातला पुडा हिसकला आणि खडीच्या ढिगावर भिरकावला. पुन्हा त्यांच्या घरात बिस्किट आलं नाही.

कापडाच्या दुकानावरून परतताना शेषेरावांनी मैदा, डालडा आणि सुंठ घेतली. केवळाबाई नळावर गेल्या होत्या. शेषेरावांनी गुळाच्या पाण्यात पीठ मळलं, पातेल्यात वाळू तापवली, त्यावर ताटली ठेवली आणि झाकणावर निखारे घातले. केवळाबाई घागर घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

"काय करताय तुम्ही?"

"बिस्किटं."

"कुणासाठी?"

शेषेराव चुलीकडेच बघत राहिले. "तिचा आवाज आठवंना झालाय मला, केवळा. लई आठवून पाहतो. म्हनलं, निदान ह्यो वास तरी घरात यावा."

केवळाबाईंनी घागर उतरवली. एक बिस्किट मोडून नाकाशी नेलं.

"ह्यात बडीशेप न्हाई."

"बडीशेप होती व्हय?"

"होती. माझ्या कुशीत निजायची ती. तोंडाला वास यायचा तिच्या. मला ठाव न्हाई का?"

मग त्यांनीच बडीशेप कुटली आणि उरलेल्या पिठात मिसळली. दुसरा घाणा कडेनं करपला. दोघांनी एकेक खाल्लं.

"जमलं का?" शेषेरावांनी विचारलं.

"न्हाई." केवळाबाई बराच वेळ चावत राहिल्या आणि चावता चावताच रडू लागल्या. "त्यो पुडा मी फेकायला नको होता. तिच्या मातीवर, उशाशी ठेवायचा होता. तसंच गेलं लेकरू, मोकळ्या हातानं."

"मीच उशिरा आलो."

"तुम्ही आला असता तरी काय झालं असतं? शेवटाला पाणी बी जात नव्हतं तिच्या घशाखाली. बाबा कुठं हाय, एवढंच इचारत होती."

हे दहा वर्षांत त्यांनी सांगितलं नव्हतं. शेषेरावांनी पिठाच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं. केवळाबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या आणि त्या दिवसाचं सगळं, सकाळपासूनचं, सांगू लागल्या.

पुढं दोघांनी दोन-तीनदा पुन्हा खटपट केली. कधी डालडा वाढवला, कधी सोडा घातला. बिस्किटं कडकच होत राहिली, आणि मग त्यांनी तो नाद सोडला.