वाढवलेली दोन वर्षं

सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर बद्रीनाथ सरांची शिट्टी वाजायची म्हणजे वाजायचीच. शहर बंद असो, नाहीतर सरांच्या स्वतःच्या घरी सत्यनारायण असो. त्या दिवशीही वाजली. फुटबॉलच्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या, सरांनी नजर फिरवली आणि एक पोरगी कमी भरली.

"सुगंधा कुठंय?"

पोरी आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागल्या. शेवटी कॅप्टन सारजा म्हणाली, "सर, तिचं लगीन हाय. परवा. आज हळद लागायची तिला."

"लगीन? अगं, सोळा वर्षांची पोर ती! डोकं ठिकाणावर आहे का तिच्या बापाचं?"

सारजानं मान खाली घातली. "कागदावर अठरा हायेत ना सर."

सरांच्या हातातली शिट्टी हातातच राहिली. कारण तो कागद दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच केलेला होता.

आता हे सर कोण, ते सांगितलं पाहिजे. चिकलठाण्याच्या बागायतदार घरातला हा माणूस. त्याचे वडील गावात तोंड लपवून हिंडायचे, कारण पोरगा तहसीलदार व्हायचा सोडून पोरींना चड्ड्या घालून उन्हात पळवतो म्हणे! पण बद्रीनाथांनी बावीस वर्षं तेच केलं. मुकुंदवाडीच्या गल्ल्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या. रोजंदारीवाल्यांच्या, मेंढरं विकून शहरात आलेल्यांच्या दारात उकिडवं बसून त्यांनी हात जोडले, "पोरगी चार वर्षं माझ्याकडं द्या. तिला नोकरीला लावायची जबाबदारी माझी." आणि लावल्या की! चौदा पोरी पोलिसात गेल्या. राज्याचा महाविद्यालयीन चषक नऊ वेळा आला. प्राचार्यांच्या केबिनमधलं काचेचं कपाट भरलं, पेपरात फोटो आले, आणि यंदा तर सरकारच्या पुरस्कारासाठी सरांचं नाव गेलेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीव कासावीस होतो.

त्या चषकाचा नियम होता, खेळणाऱ्या पोरीला अठरा पूर्ण हवीत. आणि अलीकडं सरांची अडचण अशी, की अठरा पूर्ण झालेली पोर मैदानावर उरतच नव्हती. अकरावीला यायची, सोळाव्या वर्षी पाय असा काही चालायला लागायचा की बघत राहावं, आणि सतराव्या वर्षी बाप येऊन सांगायचा, "सर, पोरगी उजवली." दोन-तीन वर्षं असं झाल्यावर सर चिडले. तुम्ही लहानपणी लग्नं लावता काय? मग मी पोरींना लहानपणीच चषकाला नेतो! कॉलेजातला सांडू कारकून त्यांचा मित्र. त्यानं शाळेची खरी टी.सी. फाइलमधून काढली आणि नवा वयाचा दाखला टाइप केला. दोन वर्षं वाढली. शिक्का बसला, खाली सरांची सही. एक प्रत पोरीच्या घरी गेली. सरांना वाटलं, आपण या रूढीला हातोहात फसवलं. कुणी कुणाला फसवलं, ते त्यांना कळायला एक पोर जावी लागली.

ती पोर म्हणजे आवडा. सुगंधाची थोरली बहीण. डिफेन्सला उभी राहिली की समोरची पोर वळसा घालून जायची. दोन वर्षांपूर्वी सरांनी तिलाही अठरा वर्षांची केली, चषक आणला, आणि महिन्याभरात तिच्या बापानं तिचं लग्न लावलं. मंडपात कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा बापानं खिशातून तोच दाखला काढून दाखवला. सर गुलमंडीतून साडी घेऊन गेले होते. तो कागद त्यांनी ओळखला. पण आता भर मंडपात काय बोलायचं म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली आणि आले. दोन महिन्यांपूर्वी आवडा बाळंतपणात गेली. खरी अठरा पूर्ण व्हायला तिला महिना बाकी होता. मातीला सर गेले नाहीत, त्या दिवशी उपांत्य सामना होता.

शिट्टी गळ्यात तशीच ठेवून सर मुकुंदवाडीला निघाले. रेल्वे स्टेशनच्या अंगाला सुगंधाच्या बापाच्या, मुंजाबाच्या, दोन पत्र्याच्या खोल्या. एके काळी बापजाद्यांची शंभर मेंढरं होती. आता दारात एक शेळी, आणि मुंजाबा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. दारापुढं हिरव्या डहाळ्यांचा मांडव पडलेला. आत सुगंधा हळद लावून बसली होती, मांडीवर आवडाचं लेकरू. ते दुधाची बाटली तोंडात धरेना, आणि हिचे हळदीचे हात बाटलीवरून सारखे घसरत होते.

"या सर, या! बसा." मुंजाबानं घोंगडं झटकून टाकलं. "तुमची येक मेहेरबानी म्हून पोरगी नावाला चढली."

"मुंजाबा, हे लग्न थांबव."

"काहून?"

"काहून म्हणजे? सोळा वर्षांची आहे ती! आणि देतोस कुणाला, तर रामकिसनला? आवडाच्या नवऱ्याला? तिशी उलटलीय त्याची!"

मुंजाबा उठला, पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिक चढवलेला दाखला काढून त्यानं सरांपुढं धरला. "मला वाचाया येत नाय. पर ही सही तुमचीच ना?"

"तो खेळापुरता होता रे."

"खेळापुरतं वय येगळं आन् लगनापुरतं येगळं, आसं आसतंय का सर? तुमी शिकलेली मानसं. तुमी अठरा म्हनलात, आमी अठरा धरली. आवडीच्या वक्ताला आसाच कागद चालला, तवा तर तुमीच पुढं हूनशान अक्षता टाकल्या."

तेवढ्यात पुतळाबाई, पोरींची आई, परात खाली आदळून बाहेर आली. "लेकराचा विचार करा की कुनीतरी! रामकिसननं दुसरी आनली तर सावत्र आई जगू दील का त्याला? ही मावशी हाय त्याची. आमच्यात बहिनीच्या जागी बहीन देत्यात, आजचं नाय ते."

"आणि तीही बहिणीसारखीच गेली तर, पुतळाबाई? मग तिच्या जागी कोण?"

पुतळाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडं वळली. आईचं काळीज हो, तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे! पण मुंजाबा उभाच राहिला. "सर, शुभ कार्यात वंगाळ बोलू नगा. उठा आता."

सर उठले. सुगंधा मागं दारापर्यंत आली, लेकरू खांद्यावर. हळू म्हणाली, "सर, मला नाय करायचं. मला दाजींचं लई भ्या वाटतं. तुमी काय तरी करा."

"करतो," सर म्हणाले.

त्यांनी काय केलं? बाहेर आले आणि चहाच्या टपरीवरच्या चतुराबाईचा फोन मागून घेतला. हेल्पलाइनला कळवलं, बालविवाह होतोय, पत्ता हा. नाव विचारलं तर सांगितलं नाही. आपलं नाव न येता लग्न मोडलं तर बरं, हा हिशोब! बावीस वर्षं पोरींना 'भिऊ नका, चेंडूच्या समोर या' म्हणून ओरडणारा माणूस, पण स्वतः आडोशाला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिला अधिकारी आल्या, सोबत एक शिपाई. सर टपरीच्या बाकावर ग्लास धरून बसले होते. चहा निवून साय धरली तरी त्यांनी घोट घेतला नाही, तेव्हा चतुराबाई म्हणाली, "साहेब, ताप-बिप हाय का?" पंधरा मिनिटांत अधिकारी बाहेर आल्या. दाखला हातात उलटासुलटा करून बघत त्या शिपायाला म्हणाल्या, "पोरगी रडून सोळा सांगतेय. पण कॉलेजचा शिक्का आहे, त्या प्रसिद्ध कोचची सही आहे. याच्याविरुद्ध एक तरी कागद हवा ना हातात!" आणि दाखला मुंजाबाला परत देऊन गेल्या.

सुगंधा दारात उभी होती. तिनं रस्त्यापलीकडं पाहिलं, थेट टपरीकडं. आणि सरांनी, काय सांगावं, सरांनी मान फिरवली.

तिथून ते सांडूकडं गेले. सांडूनं दार लावून घेतलं. "सर, तुमच्या पाया पडतो, गप बसा. पुरस्काराची यादी लागायचीय. माझी पोरं शिकतायत. येका पोरीपायी दोघांनी जेलात बसायचं का? आन् आजवर कुठं काय झालं?"

"आवडा मेली, सांडू."

"ती बाळंतपणात मेली. आपल्या दाखल्यानं नाय मेली."

हेच तर सर दोन महिने स्वतःला सांगत होते! दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते बाहेर पडले.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर शिट्टी वाजली नाही. सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये होते. शिपायाकडून किल्ली घेऊन त्यांनी चषकांचं कपाट उघडलं. वरच्या फळ्यांवर नऊ चषक, आणि खालच्या कुलपाच्या खणात, जुन्या स्कोअरशीट्सच्या खाली, सात खऱ्या टी.सी. सांडू सांगायचा, फाडून टाका. फाडायचं धाडस सरांना झालं नाही, आणि दाखवायचं झालं नाही. आज सातही उचलल्या आणि ते थेट त्या महिला अधिकाऱ्यांच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"कालचा दाखला खोटा आहे. मी केलाय. ही तिची खरी टी.सी."

बाईंनी कागद पाहिला, मग सरांकडं. "सर, हे लिहून दिलंत तर नोकरी जाईल. गुन्हा दाखल होईल."

"होऊ द्या. मुहूर्त बारा पस्तीसचा आहे, बाई. तुम्ही आधी उठा. मी गाडीत लिहून देतो."

मंडपात सनई वाजत होती. अंतरपाट धरलेला, एका बाजूला मुंडावळ्या बांधलेला रामकिसन, दुसऱ्या बाजूला जेमतेम त्याच्या छातीला लागणारी सुगंधा. पोलीस बघून वाजंत्री थांबली. बाईंनी टी.सी. वाचून दाखवली. मुंजाबा ओरडला, "खोटं हाय! सरांनीच दिलाय माझा कागद, इचारा त्यास्नी!"

"माझा कागद खोटा आहे," सर म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "पोरगी सोळा वर्षांची आहे. आवडाही सोळाचीच होती. मला माहीत होतं. मी इथंच, याच माणसाच्या लग्नात, माहीत असताना अक्षता टाकल्या."

मंडपात नुसता कल्लोळ. वराकडच्यांनी शिव्या दिल्या, कुणीतरी सरांची कॉलर धरली. मुंजाबानं डोक्याचा फेटा काढून त्यांच्या पायावर फेकला. "आधी तुमी पोरीला मोठं केलं, आता तुमीच बारकं केलं! माझी इज्जत काय तुमचा चेंडू हाय?" सरांनी फेटा उचलून त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला नाही. एकटी पुतळाबाई लेकराला छातीशी धरून खाली बसली आणि हुंदके देत म्हणायला लागली, "मी वाढवीन ह्याला. मी म्हातारी झाले तरी वाढवीन. माझी पोर राहू द्या."

संध्याकाळी चारच्या सुमारास पोलीस ठाण्याच्या लाकडी बाकावर सुगंधा बसली होती, अंगावर हिरवा शालू, मुंडावळ्या काढून मुठीत घेतलेल्या. तिला बालगृहात न्यायला गाडी यायची होती. सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

मग तिनं विचारलं, "सर, आवडीच्या वक्ताला काहून नाय बोललात?"

रागानं नाही हो विचारलं. साधंच विचारलं. सरांनी खूप उत्तरं शोधली, आणि शेवटी जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "त्या वर्षीचा चषक परत द्यावा लागला असता."

सुगंधानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. काल टपरीवर त्यांनी फिरवलं होतं, तसंच.

आतून हाक आली. जबाब लिहून घेणारे फौजदार कागद सरसावून बसले होते. शेजारी महिला अधिकारी.

"अशा एकूण किती मुलींची वयं वाढवलीत?"

"सात."

"नावं सांगा. पहिलं?"

"आवडा मुंजाबा शिंगाडे."

फौजदारांनी लिहिलं आणि सवयीनं पुढचं विचारलं, "सध्या राहणार कुठं?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. दोनदा पाणी प्यायले. मग म्हणाले, "ती नाही राहिली. बाळंतपणात गेली. माझ्या दाखल्यानं गेली, असं लिहा."

फौजदारांचं पेन थांबलं.

"लिहा ना साहेब," सर म्हणाले, "आणि पुढची सहा नावं लवकर घ्या. त्यांतल्या दोघींची बोलणी चाललीत, असं सारजा सांगत होती. एकीचा मुहूर्त सोमवारचा आहे. मला अटक करायची तर करा. पण आधी त्या दारांवर मला घेऊन चला. तिथले कागदही माझेच आहेत."