तीन मिनिटांचा पीळ

मी दोर वळायचे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही थबकाल असे माझ्यात काहीच नाही. लोखंडी चौकट, बाजूला एक मोठे चाक आणि समोर गरगर फिरणारे तीन आकडे. या आकड्यांत सुताचे जुडगे अडकवायचे आणि मला फिरवायचे, की सुताला पीळ बसतो. असे तीन पेड एकमेकांभोवती वळले की दोर तयार.

मला एका लोहाराने घडवले आणि दोन बहिणींच्या वडिलांनी विकत घेतले. तेव्हापासून मी याच लांबोडक्या शेडमध्ये आहे. वडील सुताचे दुसरे टोक धरून उभे राहत आणि थोरली माझा दांडा फिरवी. चांगल्या दोराला आकड्यांचे तीनशे साठ फेरे लागत. थोरली ते मोठ्याने मोजायची. हात दुखला की तिचा वेग मंदावे, मग तेवढाच वेळ जास्त लागे. पण फेरे पुरे झाल्याशिवाय दांडा सुटत नसे. माझ्या दोराला लोक नावाजत. विहिरीवर, गोदीवर, बांधकामावर तो जाई. लोक म्हणत, "सुंभ जळेल, पण यांचा पीळ जळायचा नाही."

वडील गेले. थोरलीचा खांदा धरला. साधी वेणी घालायलाही हात वर जाईना. धाकटीला ते बघवले नाही. तिने एक जुनी मोटर मिळवली आणि पट्ट्याने माझ्या चाकाला जोडली. मग माझ्या एका आकड्याला लाल चिंधी बांधली आणि घड्याळ समोर ठेवून ती किती वेळा फिरते ते मोजले. मिनिटाला एकशेवीस फेरे भरले.

"ताई, तीनशे साठला एकशेवीसने भाग. तीन! तीन मिनिटं झाली की बटण बंद. मोजायची कटकटच नको."

"एवढंच?" थोरली हसली. "मग मी इतकी वर्षं उगाच घसा फोडला म्हणायचा."

पुढची काही वर्षे सुखाची गेली. धाकटी बटण दाबी, घड्याळ पाही, बटण बंद करी. थोरली सूत निवडत बसे. धाकटीचे लग्न एका रंगाऱ्याशी झाले. उंच इमारतींच्या भिंतींवर दोराला लटकून तो रंग देई. संध्याकाळी तिला न्यायला आला की थोरली त्याला छेडायची, "या जावईबापू! आज कानाला कोणता रंग लावून आलात?"

मित्रांनो, या सगळ्यात माझ्या पट्ट्याकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. वर्षानुवर्षे चालून तो ताणला, सैल पडला आणि चाकावरून घसरू लागला. मोटर पूर्वीसारखीच घोंघावत होती, म्हणून कोणाला काही कळले नाही. माझे आकडे मात्र हळू फिरू लागले.

"हे असं फटफट का करतंय गं?" एकदा थोरलीने विचारले.

"म्हातारं झालंय, ताई. कुरकुरणारच. आपण नाही कुरकुरत?" धाकटी म्हणाली. "पट्टा बघायला हवा. रविवारी बघते."

रविवार आले आणि गेले. मी मिनिटाला नव्वदच फेरे घेत होतो. तीनशे साठ फेऱ्यांना आता चार मिनिटे हवी होती, पण बटण तीन मिनिटांनीच बंद होई. दोनशे सत्तर फेऱ्यांवर मी थांबत होतो. मला वाचा असती, तर मी ओरडून सांगितले असते.

पीळ कमी पडलेला दोर दिसायला वाईट नसतो. उलट मऊ लागतो. नवऱ्याचा जुना दोर झिजला, तेव्हा धाकटीने नव्यांतला सर्वांत मऊ दोर त्याच्यासाठी काढून ठेवला. "हा घ्या. हाताला फोड नाही यायचे," ती त्याला म्हणाली.

आठवडाभरातच शेजारचा सुतार धापा टाकत शेडमध्ये आला. "धाकटे, चल लवकर. तुझा नवरा पडलाय. तिसऱ्या मजल्यावरून."

गच्चीच्या कठड्यावर घासून दोराचे पेड सुटे झाले होते आणि एकेक करून तुटले होते. कित्येक दिवस त्या घराचा जीव टांगणीला होता. रंगारी वाचला, पण कमरेतून तो पुन्हा सरळ उभा राहिला नाही.

तुटलेला दोर सुताराने आणून दिला. थोरलीने तो मांडीवर घेतला आणि शेजारी वडिलांच्या वेळचा एक तुकडा ठेवला. वीतभर अंतरातले पीळ तिने बोटाने मोजले. मग पुन्हा मोजले.

"जुन्यात बारा आहेत," ती म्हणाली. "ह्यात नऊ."

"मी तीन मिनिटं पुरी चालवलं होतं, ताई. घड्याळ बघून. देवाशपथ."

"घड्याळ बरोबरच होतं गं. हे हळू फिरत होतं." थोरलीने दोन्ही दोर खाली ठेवले. "आवाज मलाही ऐकू आला होता. मी तरी कुठे उठले?"

धाकटी माझ्याजवळ आली. तिने पट्टा काढला, नवा घातला, चिंधी बांधली आणि फेरे मोजले. मग पायात चपला सरकवून बाहेर पडली. सैल पट्ट्याच्या दिवसांत विकलेले दोर परत आणायला ती दारोदार फिरली. कोणी दिले, कोणी अंगावर खेकसले. एका गवंड्याने तर तिच्यासमोर दोर खेचून दाखवला आणि म्हणाला, "चांगला आहे की! तुमचं काय बिनसलंय?" तरी ती तो घेऊनच आली. आणलेला प्रत्येक दोर तिने विळ्याने तोडला.

दोन दोर मात्र मिळाले नाहीत. ते कोणा परक्या माणसाने नेले होते. त्याचा चेहराही दोघींना आठवत नव्हता.

आता मला फार काम नसते. झाले ते षट्कर्णी झाले आणि गिऱ्हाईक तुटले. तरी धाकटी रोज आधी माझा वेग मोजते आणि मगच किती मिनिटे चालवायचे ते ठरवते. मित्रांनो, फेऱ्यांना वेगाने भागले की वेळ मिळतो, हे तुम्हीही शिकाल. पण वेग काल होता तेवढाच आज असेल, असे धरून चालू नका. तुमच्या घरातले एखादे यंत्र वेगळा आवाज करू लागले, तर हातातले काम सोडून त्याच्याजवळ जा. रविवारची वाट पाहू नका.

परवा सुतार आला होता. थोरली त्याला हळू आवाजात सांगत होती, "ही रस्त्यात खाली बघून चालतच नाही हो. भिंतीवर कोणी लटकलेला दिसला, की तो खाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहते."