मडक्याच्या तोंडाशी

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी रोह्याहून कासूला उतरले, तेव्हा माझ्या पिशवीत एक नवं खुरपं होतं. घरी चार खुरपी असताना हे का घेतलं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आदल्या दिवशी वाचनालय बंद करून बाजारात गेले आणि घेतलं, इतकंच. गाडीत ते दोनदा पिशवीतून काढून पाहिलं. समोरच्या बाईने विचारलं, "शेती हाय काय गो तुमची?" मी हो म्हटलं. माझी शेती म्हणजे दोन हात रुंदीचा एक वाफा असणार होता आणि तोही अजून खणलेला नव्हता.

त्या वाफ्यात मला आईचे कांदे लावायचे होते.

आई श्रावणात गेली. तिचे कांदे म्हणजे बोराएवढे, तांबडे, एका मुळाला चार-पाच घोसाने लागणारे. ते बाजारात मिळत नाहीत. बी धरून ते होत नाहीत, कांदाच लावावा लागतो. भात कापून झालं की ओल धरून असलेल्या तुकड्यात ती ते लावायची, शिमग्यानंतर काढायची आणि चुलीवरच्या माळ्याला पेंडी बांधून टांगायची. धुराने ते पावसाळाभर टिकत. पावसात सुकटीत घालायची, तेव्हा सुकट कमी आणि कांदे जास्त असत. थंडीत वालाच्या बिरड्यात अख्खे सोडायची. आम्हाला ताप आला की एक कांदा निखाऱ्यात भाजून पेजेबरोबर द्यायची, आणि तो कांदा मिळावा म्हणून रघू, माझा धाकटा भाऊ, खोटा खोटा आजारी पडायचा. वापरून वापरून शेवटी एक पेंडी उरायची. ती बियाण्याची. तिला कुणी हात लावायचा नाही. कारण एक वर्ष लावायचं राहिलं की ते कांदे संपले. पुढच्या वर्षापर्यंत जुना कांदा तग धरत नाही.

यंदा दिवाळीनंतर लावायचे, तेव्हा लावले गेले नाहीत. माझ्या वडिलांनी, आबांनी, तिकडे पाहिलं नाही, रघूला कंपनीच्या शिफ्टमधून वेळ नव्हता आणि मला रोह्याहून येणं जमलं नाही. नाताळात आले तेव्हा पेंडीला हिरवे कोंब फुटलेले दिसले. शेजारच्या केरूकाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते म्हणाले, संक्रांतीपर्यंत लावले तर होतात, नंतर नाय. मी तेव्हाच ठरवलं. कुणाला बोलले मात्र नाही. लावून झाल्यावर दाखवायचं असं मनात होतं.

आणि नेमकी त्याच रविवारी रघूने पोपटी ठरवली होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचा बेत.

डोलवीच्या कंपनीतले त्याचे सहा जण येणार होते. त्यातल्या दोघांनी पोपटी कधी पाहिली नव्हती. मी घरी पोचले तेव्हा अंगणात दोन पाट्या वालाच्या शेंगा पडल्या होत्या आणि धोंडूआत्या, म्हणजे आबांची बहीण, त्या निवडत बसली होती.

"आली गो बाय," ती म्हणाली. "बस. किडकी शेंग बाजूला काढ. वाचनालयातला चष्मा लाव."

"चष्मा आणलाय, आत्या."

"मग बरा झाला. मना तर सगल्या शेंगा सारख्याच दिसतात, मी नुसती हात हलवतंय."

हसू आलं. या अंगणात किती महिन्यांनी कुणीतरी हसत होतं. रघूची बायको सरू आत कोंबडीला मसाला चोळत होती, रघू पेंढा आणि काटक्या ओढून आणत होता, केरूकाका त्याला पेंढा कसा आणायचा ते सांगत होते. केरूकाका पोपटीचे जाणकार. ते स्वतः काही करत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पोपटी होत नाही.

मला घाई झाली होती. जेवणाआधी वाफा खणून घ्यावा, सगळे पोपटीत गुंतले असताना कांदे लावून टाकावेत. मी मागच्या तुकड्यात गेले. माती अजून ओली होती. खुरप्याने ढेकळं फोडताना मला भान राहिलं नाही. दोन वेळा सरूने हाक मारली, मी "आलेच" म्हटलं आणि गेले नाही. हातांना फोड आले. वाफा सरळ झाला नव्हता, आईला आवडला नसता, पण वाफा झाला होता. मी उभी राहून त्याच्याकडे पाहत होते आणि मला पळत सुटावंसं वाटत होतं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

पुढे आले तोवर मडकं भरून झालं होतं. पोपटी भरायचं काम आबांनी केलं, याचं मला नवल वाटलं. दरवर्षी ते आई करायची. तळाला भांबुर्डीचा पाला, त्या उग्र वासाच्या पाल्याशिवाय पोपटी नाही, मग मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पुन्हा पाला गच्च कोंबून मडकं जमिनीवर पालथं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आबा खाली बसून मडक्याभोवती काटक्या रचत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं.

"पाणी नाय टाकत?" पाहुण्यांपैकी एकाने विचारलं.

"पानी प्यायला हाय," केरूकाका म्हणाले. "तहान लागली काय तुला?"

रघूने काडी लावली. पेंढा भडकला, सगळे दोन पावलं मागे सरले. मला वाटलं हीच वेळ. मी कांदे घ्यायला आत गेले.

माळ्याला नुसती सुंभाची दोरी लोंबत होती.

मी चुलीपाशी शोधलं, फडताळात शोधलं, सरूला विचारलं. ती म्हणाली, "मामंजींनी काढली ना सकाळी."

बाहेर आले तेव्हा आग छातीएवढी झाली होती. आबा जवळ उकिडवे बसले होते.

"आबा, माळ्यावरचे कांदे?"

"मडक्यात," ते म्हणाले.

"सगळे?"

"सगले." त्यांनी काटकी आत सरकवली. "हौसाला, तुझ्या आईला, कांद्याची पोपटी आवडायची. कोंब आलेले, वाया चालले व्हते. म्हटला शेवटची खाऊ एकदा."

मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण आत्या उठून आली. "काय झाला गो?"

"लावायचे होते ते," मी म्हटलं. "मी मागे वाफा केलाय."

आबांनी वर पाहिलं. माझे हात मातीने भरलेले होते. त्यांनी ते पाहिले, मग मागच्या तुकड्याकडे पाहिलं, जणू इथून वाफा दिसणार होता.

"बोलली नायस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बोललात."

पेंढा तडतडत होता. रघू मोबाइलवर फोटो काढत होता, त्याने हात खाली केला.

"भरले कुठे?" आत्याने आबांना विचारलं. "तलाला का तोंडाला?"

"तोंडाला. ती तसेच भरायची. सगल्यात शेवटी, पाल्याच्या आत."

मला कळायला एक क्षण लागला. आग मडक्याच्या बुडाला आणि पोटाला लागते. पालथ्या मडक्याचं तोंड जमिनीला टेकलेलं असतं. तिथे आच सगळ्यात शेवटी पोचते. म्हणूनच तर आई कांदे तिथे ठेवायची, ते नुसते वाफवून करकरीत राहावेत म्हणून.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"सात-आठ मिनटा," केरूकाका म्हणाले. "अजून अर्धा तास. पान्याचा शिपका मारला नि थेंब चर्रकन उडाला की मगच... ए शकू, काय करतंस?"

मी दाताळं उचललं होतं आणि जळता पेंढा ओढायला लागले होते.

"मधी उघडलेली पोपटी परत व्हत नाय," केरूकाका ओरडले. "शेंगा अर्ध्या कच्च्या राहतील. पाव्हणे उपाशी राहतील. अरे रघू, तुझी बहीण वाचून वाचून येडी झाली."

रघू एक पाऊल पुढे आला आणि थांबला. त्याचे सहा पाहुणे बघत होते. ती त्याची पोपटी होती. मला ते कळत होतं, तरी मी ओढत राहिले. निखारे पायाशी आले, साडीचा काठ मी कमरेला खोचला. एका पाहुण्याने, ज्याने पाण्याचं विचारलं होतं त्याने, बादली उचलली.

"पानी नको," आबा उठत म्हणाले. "मडका फुटंल."

त्यांनी पाण्याच्या पिंपावरचं ओलं गोणपाट खेचलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि निखाऱ्यांत पाय टाकून मडक्याला मिठी मारली. सत्तर वर्षांचा माणूस. मडकं त्यांनी उचललं, चार पावलं चालले आणि अंगणात सुलटं ठेवलं. गोणपाटातून वाफ निघत होती. रघूने धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं, तोवर काम झालं होतं.

आबांनी हातानेच पाला उपसला. वाफ तोंडावर आली. भांबुर्डीचा वास, ओव्याचा, आणि खाली तांबडे कांदे, कोंब अजून हिरवे. मी एक उचलला. गरम होता.

"शिजला," केरूकाका म्हणाले.

"तू गप रे," आत्या म्हणाली. "खारीच्या शेतावर जन्म गेला माझा, कांदा मना नको शिकवू." तिने फतकल मारली, पदर पसरला आणि एकेक कांदा अंगठ्याने दाबायला लागली. "हा गेला. साल सुटली. हा... हा हाय. कोंब ताठ हाय बघ. हा गेला. हा पन गेला."

सगळे तिच्याभोवती वाकले. पाहुण्यांनी पैज लावल्यासारखं चालवलं. एक जण प्रत्येक कांद्याला आधीच निकाल द्यायचा, आणि तो चुकला की बाकीचे त्याला चिडवायचे. केरूकाकांनी दोन कांद्यांवरून आत्याशी भांडण केलं. एकदा ते जिंकले, तेव्हा ते पोपटीचा राग विसरले. जमिनीच्या अगदी जवळचे कांदे वाचले होते, आतल्या बाजूचे गेले होते. वाचलेला प्रत्येक कांदा आबा आत्याच्या हातातून घेत आणि आपल्या टोपीत ठेवत. मी पाहिलं तर त्यांच्या उजव्या मनगटाची कातडी लाल झाली होती.

टोपीत एकोणीस कांदे जमले.

शेंगा खरोखरच अर्ध्या कच्च्या होत्या. केरूकाकांनी तरीही नवा पाला कोंबून मडकं परत आगीवर घालू दिलं नाही. तसली पोपटी आपण पाहणार नाही म्हणाले. मग सरूने सगळं आत नेलं. शेंगा सोलल्या, दाणे आणि कोंबडी एकाच टोपात, वर खोबरं-मिरचीचं वाटण आणि त्यात आईचे ते शिजलेले कांदे अख्खे. भाकऱ्या मी थापल्या, फोड आलेल्या हातांनी, जमतील तशा. पाहुणे तीन वाजता जेवले. पोपटी नव्हती, रस्सा म्हणावा तर त्याला भांबुर्डीच्या धुराचा वास होता. पण टोप पुसून घेतला त्यांनी. ज्या दोघांनी पोपटी कधी पाहिली नव्हती ते रघूला म्हणाले, पोपटी फारच छान असते. केरूकाकांनी कपाळाला हात लावला.

माझ्या ताटात तीन कांदे आले. पहिला दाताखाली गेला तेव्हा वरची साल मऊ होती, आत गोड पाणी होतं आणि अगदी मध्ये अजून थोडा करकरीत होता. मी जेवण थांबवून पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. तांब्या भरलेलाच होता. थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि परत येऊन उरलेले दोन खाल्ले.

चार वाजता आम्ही वाफ्यावर गेलो. आबा, आत्या आणि मी. रघू पाहुण्यांना सोडायला गेला होता. लावायचे कसे, हे आबांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ते शेजारच्या तुकड्यात वाल पेरत होते आणि त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत्याने वीतभर अंतर दाखवलं, मान वर ठेवायची, माती दाबायची नाही, नुसती लोटायची. आबांनी टोपीतून एकेक कांदा काढून दिला, मी लावला.

"धरतील का?" मी विचारलं.

"आंघोल करून आलेत," आत्या म्हणाली. "बघू थंडी वाजते काय त्यांना."

सोमवारी मी रोह्याला कामावर होते. मंगळवारी, बुधवारी मी फोन केला नाही. विचारलं आणि वाईट ऐकावं लागलं तर, म्हणून. आबा स्वतः कधी फोन करत नाहीत. त्यांना तो लागत नाही, असं ते म्हणतात.

दहाव्या दिवशी दुपारी वाचनालयात वर्तमानपत्रं लावत असताना फोन वाजला.

"शकू," आबा म्हणाले, "आठ कुजले. तीन तसेच हायत, कलत नाय. आठांनी नवी पात काढली."

मी हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून बाहेरच्या पायरीवर आले. "नक्की नवी?"

"सकाली बोटभर व्हती. आता जास्त हाय."

"सकाळपासून किती वेळा पाहिलीत?"

"तुला काय करायचा." मग घाईने, एका दमात: "आठाचे बत्तीस धर. पुढल्या साली बत्तीसचे सव्वाशे. तिसऱ्या साली पोपटीला घालता येतील, बियाना ठेवून. तोपर्यंत एक पन खायचा नाय. रघूला सांगितलाय."

तिसऱ्या साली ते त्र्याहत्तर वर्षांचे असतील, हा हिशेब माझ्या मनात आला. त्यांच्या आला नसावा.

"पुढच्या वर्षी चार-पाच तरी बिरड्यात घालू," मी म्हटलं.

"नाय."

"चारच."

"नाय म्हटला ना. आनि वाफा तू वाकडा केलायस, पानी एका बाजूला जाते. मी सरल करतंय."

"मुळं हलतील, आबा. हात लावू नका."

"मग ये नि तूच कर," ते म्हणाले, आणि फोन न ठेवताच कुणाला तरी, बहुतेक केरूकाकांना, वाफ्याच्या जवळून चालू नको म्हणून दटावायला लागले.